संभोगोत्तर तपासणीत शुक्राणू अचल आढळले: या अहवालावरून पुढील उपचार ठरवावेत का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ३१ आणि यजमानांचे ३४ आहे. गेली दोन वर्षे आम्ही मूल व्हावे म्हणून प्रयत्न करीत आहोत. यजमानांची वीर्यतपासणी दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत झाली असून दोन्ही अहवालांत शुक्राणूंची संख्या, त्यांची पुढे सरकण्याची गती आणि आकार सर्वसाधारण मर्यादेत आहेत. माझी पाळी नियमित आहे, मात्र तिचे चक्र थोडे लांब, म्हणजे ३२-३३ दिवसांचे असते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनच्या रक्ततपासण्या ठीक आल्या आहेत. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाही हे पाहणारी एचएसजी तपासणी अद्याप झालेली नाही.

आमच्या गावातील ज्येष्ठ डॉक्टरांनी मागील चक्रात पीसीटी, म्हणजे संभोगानंतर गर्भाशयमुखातील स्राव घेऊन त्यात शुक्राणू कसे आहेत हे पाहण्याची तपासणी, करून घेतली. त्या चक्रात मला दुसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत स्त्रीबीज वाढवणाऱ्या क्लोमिफेनच्या गोळ्या दिल्या होत्या. बाराव्या दिवशी रात्री संबंध ठेवून दुसऱ्या दिवशी येण्यास सांगितले होते. आम्ही सकाळीच गेलो, परंतु डॉक्टर शस्त्रक्रियेत असल्यामुळे नमुना घेईपर्यंत संध्याकाळ झाली. सोनोग्राफीने स्त्रीबीजाची वाढ पाहिली नव्हती.

अहवालात लिहिले आहे की स्राव अल्प, पांढरट व चिकट होता, ताणल्यावर त्याची तार २ सेंमी निघाली, फर्नसारखी नक्षी दिसली नाही आणि एकूण गुण १५ पैकी ४ आहेत. सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक दृश्यक्षेत्रात दोन-तीन शुक्राणू दिसले आणि ते सर्व अचल होते. यावरून डॉक्टरांनी असे सांगितले की माझा स्राव यजमानांच्या शुक्राणूंना मानवत नाही आणि बहुधा त्यामागे प्रतिपिंडे (शुक्राणूंना परके समजून त्यांना चिकटणारी शरीराची संरक्षक प्रथिने) असावीत. यजमानांना काही महिने स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन पाहाव्यात, असा त्यांचा विचार आहे. त्याआधी खात्री करायची असल्यास मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत माझा स्राव आणि यजमानांचे वीर्य काचेच्या नळीत समोरासमोर ठेवून, तसेच दात्यांच्या नमुन्यांशी अदलाबदल करून तपासता येईल, असेही ते म्हणाले.

माझे प्रश्न असे आहेत. प्रयोगशाळेत ही तपासणी नेमकी कशी करतात, आणि तिच्यातून खरोखर काय कळते? माझ्या अहवालाचा अर्थ डॉक्टरांनी लावला तोच होतो का? आणि या तपासणीसाठी मुंबईस किंवा पुण्यास जाणे योग्य ठरेल का? घरात या विषयावर मोकळेपणाने बोलण्यासारखे कोणी नाही, म्हणून येथे विचारीत आहे.

काचपट्टी यांचा प्रतिसाद

ताई, मी वीर्य आणि शुक्राणूंच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत बराच काळ काम करीत आहे, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. उपचारांविषयी येथील डॉक्टर मंडळी अधिक अधिकाराने लिहितील.

गर्भाशयमुखातील स्राव महिनाभर एकसारखा राहत नाही, आणि या तपासणीतील बहुतेक घोटाळे तेथूनच सुरू होतात. स्त्रीबीज परिपक्व होत असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते, स्राव भरपूर, पातळ व पारदर्शक होतो आणि त्यात पाण्याचे प्रमाण फार मोठे असते. म्युसिन नावाच्या लांब साखळ्यांची जाळी त्या वेळी सैल असल्यामुळे शुक्राणूंना तीतून वाट मिळते. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि एक-दोन दिवसांतच तो स्राव दाट होऊन वाट बंद होते. निसर्गाने ठेवलेली ही खिडकी थोड्याच दिवसांची आहे. तिच्या बाहेर घेतलेल्या नमुन्यात अत्यंत निरोगी पुरुषाचे शुक्राणूही अचल दिसतील.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळा नियमपुस्तिकेत शुक्राणू मोजण्याआधी स्रावाला गुण देण्याची पद्धत सांगितलेली आहे. प्रमाण, दाटपणा, वाळल्यावर उमटणारी फर्नसारखी नक्षी, तार आणि पेशींची संख्या या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण असतात. तार ९ सेंमी किंवा अधिक निघाली तर तीन गुण मिळतात. आपली २ सेंमी होती, म्हणजे एकच गुण. नक्षी काचेवर वाळलेल्या स्रावातील मिठाच्या स्फटिकांमुळे उमटते, आणि इस्ट्रोजेनचा परिणाम पुरेसा झालेला असेल तर तिला फांद्यांना फुटलेल्या उपफांद्या दिसतात. एकूण गुण दहापेक्षा जास्त असले तर स्राव शुक्राणूंच्या प्रवेशास अनुकूल समजतात आणि दहापेक्षा कमी असले तर प्रतिकूल. याखेरीज स्रावाचा सामू (पीएच) पाहतात, कारण आम्लधर्मी स्रावात शुक्राणू लवकर निश्चल होतात.

आपल्या अहवालातील चार गुण हीच माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी नोंद आहे. त्या दिवशी तो स्राव कोणत्याही पुरुषाच्या शुक्राणूंना आत घेण्याच्या स्थितीत नव्हता. अशा नमुन्यावरून यजमानांच्या शुक्राणूंविषयी किंवा प्रतिपिंडांविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. आमच्याकडे असा नमुना आला असता तर ‘स्राव अपरिपक्व, तपासणी निर्णायक नाही’ एवढाच शेरा आम्ही दिला असता.

वेळेचा दुसरा प्रश्नही आहे. नियमपुस्तिकेनुसार दोन दिवसांच्या संयमानंतर संबंध ठेवावा आणि त्यानंतर ९ ते १४ तासांच्या दरम्यान नमुना घ्यावा. आपल्या बाबतीत संध्याकाळ झाली, म्हणजे ही मर्यादा उलटून गेली होती. योनीचे वातावरण आम्लधर्मी असल्यामुळे तेथे मागे राहिलेले शुक्राणू काही तासांत मरतात, म्हणून नमुना गर्भाशयमुखाच्या आतील भागातूनच, सुई नसलेल्या बारीक सिरिंजने किंवा नळीने ओढून घ्यावा लागतो. योनीच्या मागील खाचेतील द्रव काचपट्टीवर वेगळा घेतात, तो केवळ वीर्य तेथे पोहोचले होते याची खात्री करण्यासाठी. हे दोन्ही नमुने एकमेकांत मिसळले तर मेलेले शुक्राणूच मोजले जातात. काचपट्टीवर थेंब ठेवून त्यावर पातळ काच अशा रीतीने बसवतात की खालच्या थराची जाडी ठरलेली राहील, आणि मग ४०० पट मोठे करून पाहतात. आतील स्रावात जोमाने पुढे जाणारे शुक्राणू दिसले, तर तेथे मोठा अडथळा नाही असे समजतात.

आता आपण ज्या नळीच्या तपासणीविषयी विचारले आहे, तिच्याकडे येतो. कर्झरॉक आणि मिलर यांनी १९२८ मध्ये काचपट्टीवर वीर्य आणि स्राव शेजारी ठेवून त्यांच्या सीमेवर काय होते हे पाहण्याची पद्धत मांडली. आजही ती तशीच करतात. स्रावाच्या थेंबावर काच ठेवून दोन्ही बाजूंना वीर्याचा एकेक थेंब सोडतात. तो केशाकर्षणाने काचेखाली ओढला जातो आणि दोन द्रवांमध्ये स्पष्ट सीमारेषा तयार होते. ३७ अंश सेल्सियसवर अर्धा तास ठेवल्यावर पाहिले असता वीर्य बोटांसारखे स्रावात शिरलेले दिसते, त्या बोटांच्या टोकांवर शुक्राणू दाटतात आणि तेथून एकेक करून जाळीत घुसतात. हे दृश्य मी असंख्य वेळा पाहिले आहे आणि तरीही ते पाहताना कामाचा शीण जातो. वीर्यात इकडेतिकडे वळवळणारा शुक्राणू स्रावात शिरला की त्याची दिशा सरळ होते, आणि वेड्यावाकड्या आकाराचे बहुतांश शुक्राणू सीमेवरच अडकतात. आत शिरलेल्या शुक्राणूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक निश्चितपणे पुढे जात असतील तर निकाल सामान्य. आत शिरून साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतरच जाऊ शकले तर तो क्षीण. आत शिरताच ते निश्चल झाले किंवा जागच्या जागी थरथरू लागले, तर तो असामान्य.

नेदरलँड्समधील यान क्रेमर यांनी १९६५ मध्ये याला मोजमापाचे रूप दिले. साधारण ५ सेंमी लांबीची चपटी काचनळी स्रावाने, हवेचा बुडबुडा राहू न देता भरायची, एक टोक बंद करायचे आणि उघडे टोक ताज्या वीर्याच्या छोट्या साठ्यात बुडवून ती ३७ अंशांवर ठेवायची. दोन तासांनी आणि पुन्हा २४ तासांनी सर्वांत पुढचा शुक्राणू किती अंतरावर पोहोचला, ठरावीक अंतरांवर त्यांची दाटी किती आहे आणि त्यांतील किती अजून पुढे जात आहेत, हे मोजतात. अदलाबदलीच्या तपासणीत पत्नीच्या स्रावात पतीचे आणि दात्याचे शुक्राणू, तसेच दात्या स्त्रीच्या स्रावात पतीचे शुक्राणू असे वेगवेगळे संच लावतात, म्हणजे दोष कोणत्या बाजूला आहे ते कळते.

थरथरण्याविषयीही लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या डॉक्टरांनी प्रतिपिंडांचा उल्लेख केला आहे. क्रेमर आणि यागर यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की शुक्राणूंच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे, विशेषतः आयजीए प्रकारची, चिकटलेली असतील, तर त्यांचे दुसरे टोक स्रावाच्या जाळीला अडकते. शेपटी चालू राहते पण शुक्राणू जागचा हलत नाही, म्हणून तो थरथरताना दिसतो. आपल्या अहवालात शुक्राणू ‘अचल’ लिहिले आहेत, थरथरणारे नव्हेत. या दोन नोंदींत मोठा फरक आहे, आणि उशिरा घेतलेल्या नमुन्यात पूर्णपणे अचल शुक्राणू दिसणे हे प्रतिपिंडांचे लक्षण मानता येत नाही.

निदान यांचा प्रतिसाद

मी स्त्रीरोगतज्ज्ञ असून वंध्यत्वावरील उपचार करते. काचपट्टी यांनी तपासणीविषयी लिहिलेले अचूक आहे आणि त्यांनी अहवालाचे केलेले वाचनही मला मान्य आहे. त्यात एका गोष्टीची भर घालते. क्लोमिफेन शरीरात, इस्ट्रोजेन पेशींवर जेथे चिकटते त्या जागा (ग्राहक) अडवून काम करते, त्यामुळे अंडाशयात स्त्रीबीज वाढत असतानाही काही स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा स्राव दाट आणि अल्प राहतो. त्याच चक्रात पीसीटी करणे म्हणजे औषधाचा परिणाम तपासून त्याला स्त्रीचा दोष ठरवणे होय. त्याच कामासाठी दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल या औषधात हा प्रश्न सहसा येत नाही.

आता मूळ मुद्दा. ताई, ही तपासणी नीट केली तरी तिच्या निकालाने आपल्या उपचारांत काय बदलेल, असा प्रश्न आधी विचारायला हवा. याचे उत्तर शोधण्यासाठी नेदरलँड्समधील लायडन येथे एक यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून केलेली तुलना) झाली आणि ती १९९८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. ४४४ जोडप्यांपैकी काहींची पीसीटी केली आणि काहींची केली नाही. ज्यांची तपासणी झाली त्यांच्यावर अधिक उपचार झाले, पण २४ महिन्यांच्या अखेरीस गर्भधारणेचे प्रमाण एका गटात ४९ टक्के आणि दुसऱ्या गटात ४८ टक्के होते. तपासणीने उपचार वाढवले, गर्भधारणा वाढवली नाही. ज्या देशात क्रेमर यांनी आपली नळी तयार केली त्याच देशातून हे उत्तर आले, याचे मला विशेष वाटते. स्वतःच्या परंपरेची अशी प्रामाणिक परीक्षा वैद्यकशास्त्रात दर वेळी होतेच असे नाही.

त्यानंतर ब्रिटनमधील, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या नाइस या संस्थेने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये असे नमूद केले की ही तपासणी सरसकट करू नये, कारण तिच्यावरून गर्भधारणेचे भाकीत करता येत नाही. युरोपीय तज्ज्ञसंघटना एश्रे हिच्या कारण न सापडलेल्या वंध्यत्वाविषयीच्या २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांतही पीसीटी न करण्याचीच शिफारस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमपुस्तिकेच्या १९८० ते १९९९ या काळातील चारही आवृत्त्यांच्या शीर्षकात वीर्याबरोबर गर्भाशयमुखाच्या स्रावाचा उल्लेख होता. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत तो शीर्षकातून गेला आणि या तपासण्या ऐच्छिक तपासण्यांच्या प्रकरणात ठेवण्यात आल्या.

या तपासणीला इतिहासाचेही एक ओझे आहे. अमेरिकन शल्यविशारद मॅरियन सिम्स यांनी १८६६ च्या सुमारास संभोगानंतर स्राव तपासण्याची कल्पना मांडली आणि मॅक्स ह्यूनर यांनी १९१३ मध्ये तिचा पुरस्कार केला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत तिला या दोघांचे नाव आहे. सिम्स यांनी आपली कीर्ती अलाबामातील गुलाम स्त्रियांवर भूल न देता केलेल्या शस्त्रक्रियांवर उभारली होती, हे विसरून त्यांचे नाव घेणे मला जमत नाही. तपासणी त्या स्त्रियांवर शोधली गेली असे माझे म्हणणे नाही. पण स्त्रीच्या खासगी आयुष्यात शिरणाऱ्या कोणत्याही तपासणीसाठी आधी पुरेसे कारण दिले जावे, हा आग्रह मी त्यामुळेच धरते.

स्टेरॉइडविषयी स्पष्टच सांगते. नाइसच्या मते शुक्राणूविरोधी प्रतिपिंडांचे महत्त्व अनिश्चित आहे आणि तोंडावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडचा लाभही अनिश्चित आहे. दुसरीकडे, जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तशर्करा आणि रक्तदाब वाढणे, तसेच खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. ३४ वर्षांच्या निरोगी पुरुषाला, तेही प्रतिपिंडे सिद्ध झालेली नसताना, ती देण्यास मी तयार होणार नाही. शंका घेण्याजोगे कारण असल्यास वीर्यावरच मार नावाची प्रतिपिंडांची तपासणी होते आणि तिच्यात स्रावाचा संबंधच येत नाही. वीर्यतपासणी सामान्य असताना तीही सरसकट करू नये, असे एश्रेचे मत आहे.

आपल्या बाबतीत राहिलेली तपासणी एचएसजी आहे, आणि माझ्या मते सर्वांत आधी तीच व्हायला हवी. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग आणि जुने संसर्ग यांमुळे नलिका बंद असण्याची शक्यता विसरून चालत नाही. त्यासोबत एका चक्रात स्त्रीबीज बाहेर पडते का, हे सोनोग्राफीने किंवा पाळीच्या सुमारे सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉन तपासून निश्चित करावे. ३२-३३ दिवसांच्या चक्रात ती तपासणी २५-२६ व्या दिवशी येईल. एकविसाव्या दिवशी केली तर पुन्हा चुकीच्या वेळेचाच घोटाळा होईल. नलिका मोकळ्या असतील आणि इतर काही आढळले नाही, तर अंडाशयाला औषध देऊन आययूआय हा पुढचा विचार असतो. न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आपोआप गर्भधारणेची शक्यता कमी असलेल्या २०१ जोडप्यांपैकी क्लोमिफेन किंवा लेट्रोझोलसह आययूआय केलेल्यांत ३१ टक्क्यांना, तर केवळ वाट पाहणाऱ्यांत ९ टक्क्यांना मूल झाले. आययूआयमध्ये धुतलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात, म्हणजे स्रावाचा मार्ग टाळलाच जातो. स्रावात दोष असो वा नसो, पुढचे पाऊल तेच राहते, आणि म्हणूनच हा दोष शोधण्यासाठी दूरच्या शहरात जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

वाटसरू यांचा प्रतिसाद

आम्ही पती-पत्नी या तपासणीतून गेलो आहोत, म्हणून पुरुषाच्या बाजूने थोडे लिहितो. ठरलेल्या रात्री संबंध आलाच पाहिजे, सकाळी अमुक वाजेपर्यंत दवाखान्यात पोहोचायचे, आणि एखादी अपरिचित व्यक्ती त्याचा परिणाम काचेखाली पाहणार, या विचारानेच माझे शरीर साथ देईनासे झाले. पत्नीने समजून घेतले, परंतु त्या महिन्यानंतर बराच काळ आमच्या जवळिकीवर तारखांची सावली राहिली. यजमानांशी या बाजूनेही बोलावे, असे मला वाटते. पुरुष हे सहसा आपणहून सांगत नाहीत.

माझ्या बाबतीत लहानपणी अंडकोषाला पीळ पडून शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे डॉक्टरांनी मार तपासणी करवली आणि तीत प्रतिपिंडे आढळली. हालचाल करणाऱ्या शुक्राणूंपैकी निम्म्याहून अधिकांना ती चिकटलेली होती. स्टेरॉइड न देता आम्हाला प्रथम आययूआय आणि त्यानंतर आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर फलन करण्याचा, मार्ग सुचवण्यात आला. अंडकोषाला इजा, पीळ, तेथील संसर्ग किंवा नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया यांपैकी काही यजमानांच्या बाबतीत घडले असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. तसे काही नसेल तर ‘प्रतिपिंडे असावीत’ या अंदाजाला फारसा आधार उरत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना अशी कोणतीही इजा किंवा शस्त्रक्रिया झालेली नाही. क्लोमिफेनमुळे स्राव दाट होऊ शकतो, हे मला कोणीही सांगितले नव्हते. त्या महिन्यात मला स्वतःलाही नेहमीसारखा ओलावा जाणवला नव्हता. एरवी पाळीच्या सतराव्या-अठराव्या दिवशी तो स्पष्ट जाणवतो.

आणखी दोन शंका आहेत. आमचे डॉक्टर ज्येष्ठ आहेत आणि त्यांनी सासरच्या अनेकांवर उपचार केले आहेत. त्यांना न दुखावता हे कसे मांडावे? आणि ते तपासणी पुन्हा करण्याचा आग्रह धरतील, तर ती कोणत्या प्रकारे झाली पाहिजे? त्या दिवशी कोरडेपणामुळे आम्ही औषधाच्या दुकानातून आणलेले जेल वापरले होते, त्याचा काही परिणाम होतो का?

निदान

सतराव्या-अठराव्या दिवशी पातळ स्राव जाणवणे हे फार चांगले लक्षण आहे. औषधाशिवाय आपल्या शरीरात इस्ट्रोजेन वेळेवर वाढते आणि गर्भाशयमुख त्याला प्रतिसाद देते, असा त्याचा अर्थ होतो. ते दिवस आणि त्याआधीचे दोन-तीन दिवस संबंधांसाठी सर्वांत अनुकूल असतात. अशा स्रावात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, त्यामुळे नेमका दिवस पकडण्याची धडपड करावी लागत नाही. एक दिवसाआड संबंध ठेवले तरी पुरे होते.

डॉक्टरांना आपण असे सांगू शकता: “सर, एचएसजी झालेली नाही, ती आधी करून घ्यावी असे आम्हा दोघांना वाटते. तिचा निकाल आल्यावर पुढचे ठरवू या.” यात त्यांच्या मताला विरोध येत नाही, आणि कोणताही जबाबदार डॉक्टर ही विनंती नाकारणार नाही. स्टेरॉइडची चिठ्ठी मिळालीच, तर ती घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. एचएसजी पाळीचा रक्तस्राव थांबल्यानंतर आणि स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी करतात. त्या चक्रात तपासणी होईपर्यंत संबंध टाळण्यास सांगतात, हे लक्षात ठेवून दिवस ठरवा.

काचपट्टी

जेलचा परिणाम होतो, ताई. बाजारात मिळणारी अनेक वंगण जेल प्रयोगशाळेत शुक्राणूंची हालचाल मंद करताना किंवा थांबवताना दिसतात. लाळेचाही तसाच दुष्परिणाम होतो. आपल्या नमुन्यात दाट स्राव, उशीर आणि जेल अशी तीन कारणे एकत्र आली होती, आणि त्यांपैकी एकही आपल्या किंवा यजमानांच्या शरीरातील दोष नाही. अहवालावर ही नोंद पेनाने लिहून ठेवा, म्हणजे पुढे फाइल चाळणारा डॉक्टर त्या ‘अचल’ शब्दाला नको तितके महत्त्व देणार नाही.

निदान यांच्याशी मी सहमत आहे, तरी माझ्या व्यवसायाच्या बाजूने एक अपवाद नोंदवतो. काही पुरुषांना धार्मिक कारणामुळे किंवा संकोचामुळे डबीत वीर्य देणे शक्य होत नाही. कधीकधी योनीत वीर्य पोहोचते की नाही याविषयीच शंका असते. अशा जोडप्यांच्या बाबतीत संभोगानंतरचा नमुना काही माहिती देतो, ही त्याची अजूनही उरलेली उपयुक्तता आहे. आपल्यासारख्या, दोन वीर्यतपासण्या सामान्य असलेल्या जोडप्याला तिची गरज दिसत नाही.

तरीही पुन्हा करण्याची वेळ आलीच, तर ती क्लोमिफेन नसलेल्या चक्रात व्हावी. दिवस कॅलेंडरवरून न ठरवता सोनोग्राफीतील स्त्रीबीजकोशाचा आकार, लघवीतील एलएच पट्टी (स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी वाढणारे संप्रेरक दाखवणारी) आणि आपल्याला जाणवणारा स्राव यांवरून ठरवावा. आधी दोन दिवस संयम ठेवावा, जेल किंवा योनीत घालावयाचे कोणतेही औषध वापरू नये आणि नंतर आतून धुऊ नये. दवाखान्यातील वेळ आधी निश्चित करून घ्यावी, आणि १४ तास उलटून जाणार असतील तर नमुना देऊ नये. अहवालात संबंधाची वेळ, नमुन्याची वेळ, स्रावाचे पाचही गुण वेगवेगळे, सामू, आणि पुढे जाणारे, जागीच हलणारे व अचल अशा शुक्राणूंची वेगळी नोंद असावी. स्रावाचे गुण दहापेक्षा कमी असतील, तर त्या दिवशी शुक्राणूंवर कोणताही शेरा न मारता एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासावे.

काचनळीच्या तपासणीसाठी मात्र प्रवास करू नका. तिला वीर्य मिळाल्यापासून तासाभरात लावावे लागते, दात्या स्त्रीचा योग्य दिवशीचा स्राव हाताशी असावा लागतो आणि तो शीतकपाटात ४ अंशांवर फार तर पाच दिवस ठेवता येतो. ही सर्व जुळवाजुळव नियमितपणे करणाऱ्या प्रयोगशाळा आता विरळ झाल्या आहेत. काही ठिकाणी गाईचा स्राव किंवा हायलुरोनेट या चिकट पदार्थाचे द्रावण वापरीत असत. त्यातून शुक्राणूंच्या पोहण्याची ताकद कळते, पण आपला स्राव त्या तपासणीत येतच नसल्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर तीतून मिळणार नाही. त्या खर्चात एचएसजी आणि सोनोग्राफीचे एक पूर्ण चक्र होऊन जाईल. एचएसजीचा अहवाल आल्यावर येथे जरूर लिहा.